रकाना सात

एप्रिल लागला की साहेब मला चेंबरमध्ये बोलवायचे.
कूलरचा वाळा ओला, खिडकीला काळा कागद,
बाहेर सिव्हिल लाइन्समध्ये पाखरंसुद्धा
पुढची तारीख घेऊन गप्प बसलेली.
"गजभियेबाई, मालमत्तेचं विवरण. घ्या लिहून."

घर एक, खामल्याला. कर्ज अजून नऊ वर्षं.
सोनं पत्नीचं, तिच्या माहेरचं.
स्कूटर.
"स्कूटरची किंमत काय धरायची, साहेब?"
"सुरू होते त्या दिवशीची धरा."
मग रकाना सात : अन्य मार्गाने मिळालेले उत्पन्न.
इथे ते चष्मा पुसायचे
आणि पोरीचे गुण सांगावे तसं सांगायचे,
एक हजार आठशे चाळीस.
पुस्तकाचं मानधन.

पुस्तक वहिवाटीच्या हक्कांवर.
दुसऱ्याच्या अंगणातून आपलं पाणी कसं जावं,
वीस वर्षं पायाखालची वाट
एका रात्रीत बुजवता येते का,
खिडकीतल्या उजेडावर मालकी कुणाची.
तीन उन्हाळे रविवारी मीच ते टाइप केलं.
पानामागे ठरलेले पैसे त्यांनी दिले,
आणि दर वेळी माझी सही घेतली, तिकिटावर.

मग साहेब प्रमुख जिल्हा न्यायाधीश झाले.
कायदा तोच. आवृत्ती तीच.
रकाना सातमध्ये एकसष्ट हजार.

व्हरांड्यात जो तो ते पुस्तक घेऊन फिरू लागला.
वकील ते छातीशी धरायचे, मुखपृष्ठ बाहेर,
गाभाऱ्यापुढे नारळ धरतात तसं.
एकदा साहेब एकाला म्हणाले,
"पान एकशे बारा काढा. तुमच्याच बाजूचं आहे."
त्याने काढायला घेतलं.
पानं निघेनात.
कडा कापलेल्याच नव्हत्या.
कोर्टात कुणी हसलं नाही.
मी पेन्सिल धरून बसले होते,
लिहिण्यासारखं कुणी काही बोललंच नाही.

दुसऱ्या दिवशी इतवारीहून गंधेवार आले,
काखेत बिलबुकं, मानेवर ओला दुपट्टा.
"काऊन विचारता साहेब, कोणी घेतली म्हणून?
लोकं लिहितात अन् गठ्ठे माझ्या माळ्यावर सडतात.
तुमचं विकून राह्यलं, त मी खुश आहो."
साहेब एकेक बिल उलटत गेले.
बेसा रस्त्यावरचा एक लेआउटवाला :
चारशे प्रती, एकाच दिवशी.
त्याचा दावा गुरुवारी लागलेला.
वाटेचाच.

दावा दुसऱ्या कोर्टात गेला.
चारशे प्रतींचं मानधन गंधेवारांना परत गेलं,
आणि ते कोणत्या खात्यात मांडायचं
हे विचारायला गंधेवार दोनदा माझ्याकडे आले.
विवरणाला साहेबांनी खरेदीदारांची यादी जोडली,
नाव, तारीख, प्रती. अकरा पानं.
महिन्याभराने वरून शेरा आला :
विहित नमुन्यात तरतूद नाही. जोडपत्र परत.

ती यादी मीच टाइप केलेली.
सदतिसाव्या ओळीवर आले तेव्हा बोटं अडली होती :
गजभिये सु. गो., पाचपावली. एक प्रत. रोख.
साहेबांनी तपासताना तिथे टाचणी टेकवली.
"तुम्ही कशाला घेतलंत? तुम्हीच तर टाइप केलं."
म्हटलं, आमच्या गल्लीत शेजाऱ्याने
नळाच्या वाटेवर भिंत घातलीय, साहेब.
भिंत खरी होती. आजही आहे.
पान एकशे बारा मला तोंडपाठ होतं.

पण पुस्तक घेतलं त्या महिन्यात
माझी कायम होण्याची फाइल त्यांच्या टेबलावर होती.
ते त्यांनी विचारलं नाही.
टाचणी उचलली,
अडतिसाव्या ओळीवर नेली.